नागोयाच्या गल्लीतलं ‘मॉर्निंग’: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

चिंचवडहून कामासाठी जपानमधल्या नागोयाला आलो तेव्हा खोलीपासून स्टेशनपर्यंतच्या वाटेवर एक छोटं कॅफे लागायचं. दाराला धुरकट काच, बाहेर चार कुंड्या, एक उभा झेंडा. आत काय चाललंय ते बाहेरून काही दिसत नसे. तीन आठवडे मी रोज त्याच्यासमोरून गेलो आणि खोलीवर बिस्किटं खाऊन कामावर पोचलो. आत जाऊन काय मागायचं, कुठे बसायचं, पैसे कधी द्यायचे, यातलं काहीच माहीत नव्हतं आणि विचारायला भाषा नव्हती. मग एका शनिवारी गेलो. पुढची दोन वर्षं सुट्टीच्या दिवसांचा माझा नाश्ता तिथेच झाला.

पुणे, चाकण, नाशिककडून वाहन उद्योगातली बरीच मंडळी आइची प्रांतात येतात, नागोया याच प्रांतात आहे. नवीन आलेल्याला मी जे तोंडी सांगायचो, ते इथे क्रमाने लिहितोय. एक सकाळ नीट पार पडली की परदेशात राहणं खूप सोपं होतं, हा माझा अनुभव आहे.

१. आधी ‘मॉर्निंग’ म्हणजे काय ते समजून घ्या

जपानमध्ये जुन्या धाटणीच्या कॉफीच्या दुकानाला ‘किस्सातेन’ म्हणतात. तिथे सकाळच्या ठरावीक वेळेत जो नाश्ता मिळतो तो ‘मॉर्निंग’. नागोया आणि आजूबाजूच्या भागात याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: तुम्ही फक्त कॉफी किंवा चहा मागवायचा, टोस्ट आणि उकडलेलं अंडं त्याच पैशात सोबत येतं. कुठे थोडी कोशिंबीर येते, कुठे दही किंवा फळाची फोड. तोक्योकडे गेलात तर मात्र बऱ्याच ठिकाणी मॉर्निंग सेटची वेगळी किंमत लावलेली असते, तिथे फुकट धरून चालू नका.

ही पद्धत कुठून आली याबद्दल आइचीतल्या एकाहून जास्त गावांचा दावा आहे. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते इचिनोमियाचं नाव. नागोयाहून रेल्वेने जेमतेम दहा-बारा मिनिटांवरचं हे गाव कापडाचं. १९५० च्या दशकात तिथले माग जोरात होते. माग एकदा ‘गाचान्’ वाजला की ‘मान’, म्हणजे दहा हजार येन मिळतात, म्हणून त्या तेजीला ‘गाचामान’ म्हणत. पण कारखान्यात आवाज इतका की व्यापाऱ्याशी बोलणंच होत नसे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खोलीत उभं राहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. मग मालक मंडळी व्यापाऱ्याला घेऊन शेजारच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसत. रोज सकाळी येणाऱ्या या गिऱ्हाइकांपुढे दुकानदार कॉफीबरोबर उकडलेलं अंडं आणि शेंगदाणे ठेवू लागले. पुढे त्यात टोस्टची भर पडली आणि ती रीत झाली.

म्हणून तो टोस्ट संकोचून खाऊ नका. रोज येणाऱ्या माणसाचा मान राखायची ती जुनी पद्धत आहे.

२. सोबत काय न्यायचं

- रोख पैसे. हजार येनच्या दोन-तीन नोटा आणि सुटी नाणी. लहान दुकानांत कार्ड चालतंच असं नाही, आणि एका कॉफीसाठी दहा हजारांची नोट पुढे करणं सकाळी सातला त्यांनाही अवघड जातं.
- फोनमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप. जपानी भाषा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी चालेल.
- खाण्याची पथ्यं जपानीत लिहिलेली चिठ्ठी, लागत असेल तर. नमुना पुढे सहाव्या पायरीत दिलाय.
- हातरुमाल. स्वच्छतागृहात हात पुसायला कागद असेलच असं नाही.

आधी जागा राखून ठेवायची गरज नसते. पासपोर्ट मात्र पर्यटकांनी तसाही कायम जवळ ठेवायचा असतो.

३. दुकान शोधा, आणि उघडं आहे का ते बघा

‘मॉर्निंग’ हा शब्द दारातल्या झेंड्यावर जपानी लिपीत लिहिलेला असतो. वाचता येत नसला तरी ओळखता येतो: पहिल्या अक्षरानंतर लगेच एक नुसती रेघ असते, मग एकाखाली एक अशा दोन आडव्या रेघा. झेंड्यावर मजकूर वरून खाली लिहिलेला असला तर ती एकटी रेघ उभी दिसते. एकदा डोळ्यांत बसलं की रस्त्याच्या पलीकडूनही कळतं.

नागोयाकडे आणखी एक खूण आहे. बऱ्याच दुकानांबाहेर पोलिसांच्या गाडीच्या टपावर असतो तसा एक फिरता दिवा असतो. तो फिरत असेल तर दुकान चालू. मी आधी त्याला धोक्याचा इशारा समजत होतो.

दारावरच्या पाटीला मात्र फसू नका. ‘एइग्योचू’ म्हणजे चालू, ‘जुम्बीचू’ म्हणजे तयारी सुरू आहे, अर्थात बंद. दोन्ही शब्दांच्या शेवटी एकच अक्षर येतं, चौकटीतून आरपार उभी रेघ गेलेलं. तेवढंच अक्षर बघून ‘कालचीच पाटी आहे’ म्हणत दार ढकलणारे खूप जण मी पाहिलेत. पूर्ण पाटीवर कॅमेरा धरा.

वेळ साधारण सात-साडेसातपासून दहा किंवा अकरापर्यंत. अकरा म्हणजे अकरा. दोन मिनिटं उशीर झाला तर कॉफी मिळेल, टोस्ट मिळणार नाही, आणि त्यावर हुज्जत घालायची नसते. आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी असते, ती बहुतेक दारावर लिहिलेली असते. रविवारी नऊनंतर गर्दी, तेव्हा आठच्या आत गेलेलं बरं.

सिगारेटचाही विचार आधीच करा. १ एप्रिल २०२० पासून जपानमध्ये उपाहारगृहांत आत बसून सिगारेट ओढायला कायद्याने बंदी आहे, पण आधीपासून चालू असलेल्या लहान दुकानांना यातून सवलत आहे. अशा दुकानाने दारावर तशी पाटी लावायची असते, आणि वीस वर्षांखालच्यांना आत जाता येत नाही. मुलं बरोबर असतील तर दारावरची सिगारेटची खूण बघितल्याशिवाय शिरू नका.

पहिल्याच दिवशी अगदी लहान दुकानात जायचं धाडस होत नसेल तर ‘कोमेदा’च्या एखाद्या शाखेत जा. १९६८ मध्ये नागोयातच सुरू झालेली ही साखळी आता देशभर आहे. मेन्यूवर चित्रं असतात, मॉर्निंग अकरापर्यंत चालतं, आणि पावाबरोबर अंडं हवं की ‘ओगुरा’, म्हणजे कडधान्याचं गोड सारण, ते निवडता येतं. तिथे एक-दोनदा सराव झाला की गल्लीतलं दार ढकलायला हात कचरत नाही.

४. आत शिरताना

दारावरची घंटा वाजते, आतून ‘इराश्शाइमासे’, म्हणजे ‘या, स्वागत आहे’, असं ऐकू येतं. उत्तर द्यायची गरज नाही, मान किंचित झुकवली की पुरे. किती जण ते बोटांनी दाखवा. एकटे असाल तर ‘हितोरी देस’ म्हणा, दोघं असाल तर ‘फुतारी देस’. हाताने इशारा होईल तिथे बसा.

एकट्या माणसाने चार खुर्च्यांचं टेबल धरू नये, काउंटरवर बसावं. खरं तर काउंटरच चांगला, समोर कॉफी होताना दिसते. पण कोपऱ्यातली किंवा मालकाच्या अगदी समोरची खुर्ची रोजच्या एखाद्या आजोबांची असण्याचा संभव असतो. मी पहिल्या दिवशी नेमका तिथेच बसणार होतो. दुकानातल्या बाईंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास शेजारच्या जागेवर ठेवला आणि मला कळलं. पाणी जिथे ठेवतील तिथे बसायचं.

गर्दी असेल तर दाराशी नाव लिहायची वही असते. नाव आणि किती जण ते लिहून बाजूला थांबा. नाव लहान लिहा. जपानीत ‘ल’ नसल्यामुळे कुलकर्णींची हाक ‘कुरुकारुनि सामा’ अशी येते आणि आपल्यालाच बोलावताहेत हे लवकर लक्षात येत नाही.

५. मागवायचं कसं

बर्फाचं पाणी आणि गुंडाळलेला ओला रुमाल लगेच येतो, तो ‘ओशिबोरी’. त्याने फक्त हात पुसायचे. पाण्याचे पैसे नसतात.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. मेन्यू उघडला, कॉफीवर बोट ठेवलं, मग खाली टोस्ट दिसला म्हणून त्यावरही ठेवलं. दोन टोस्ट आले. एक कॉफीबरोबरचा, एक मी वेगळा मागवलेला, आणि त्याचे पैसे अर्थातच वेगळे. त्यांची काहीच चूक नव्हती, मी मागितलं ते त्यांनी दिलं. म्हणून लक्षात ठेवा: टोस्ट मागायचा नाही. फक्त पेय सांगायचं आणि ‘मोनिंगु दे, ओनेगाई शिमास’, म्हणजे ‘मॉर्निंग द्या, प्लीज’, म्हणायचं. काही दुकानांत अ, ब, क असे सेट असतात. त्यातला ‘अ’ बहुधा तोच, जादा पैसे न पडणारा. बाकीच्यांत सँडविच वगैरे येतं आणि थोडे जास्त पडतात.

पेयांची नावं बहुतेक इंग्रजीतून घेतलेली आहेत, फक्त उच्चार जपानी. ‘बुरेन्दो’ म्हणजे त्या दुकानाचं स्वतःचं कॉफीचं मिश्रण, बहुतेक ठिकाणी चांगलं कडू. ‘आमेरिकान’ म्हणजे फिकी कॉफी. ‘काफे ओरे’ म्हणजे दूध घातलेली, आणि फिल्टर कॉफीची सवय असलेल्याने पहिल्या दिवशी हीच घ्यावी. ‘मिरुकु ती’ म्हणजे दुधाचा चहा, पण आपल्यासारखा उकळलेला नाही. कोऱ्या चहात वरून दूध घातलेलं. आल्याच्या चहाची आशा धरून मागवू नका, तो वेगळा पदार्थ समजून प्या.

काळ्या कॉफीबरोबर बोटाएवढी पांढरी डबी किंवा छोटी किटली येते. ती दुधाची असेलच असं नाही. या डब्या बहुधा वनस्पती तेलापासून केलेल्या असतात. त्यातला एक प्रसिद्ध ब्रँड नागोयाचाच, १९७६ पासूनचा, आणि त्याचं नाव ‘सुजाता’. गौतम बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताचंच हे नाव. घरापासून इतक्या लांब, एका सकाळी बशीत ते नाव भेटलं तेव्हा मी ती डबी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

६. शाकाहारी असाल तर

ही पायरी सावकाश वाचा, कारण घोळ इथेच होतात.

‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच असू शकतो. मासळीचं पाणी, हॅमचे बारीक तुकडे, कोशिंबिरीवरची ट्यूना ही त्यांच्या डोळ्यांपुढे येतही नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका शाकाहारी मित्राला बटाट्याच्या कोशिंबिरीत गुलाबी कण दिसले, ते हॅमचे होते. दुकानातल्या बाईंना इतकं वाईट वाटलं की त्या पुन्हा पुन्हा वाकून माफी मागत राहिल्या. आधी नीट सांगितलं असतं तर दोघांचाही त्रास वाचला असता.

काय नको ते पदार्थाचं नाव घेऊन सांगा. ‘नुकी’ म्हणजे ‘वगळून’. ‘तामागो नुकी दे, ओनेगाई शिमास’ म्हणजे अंडं नको. ‘हामु नुकी’, ‘साराडा नुकी’ तसंच. चिठ्ठीवर हे लिहून घ्या, कुणा जपानी सहकाऱ्याकडून त्यांच्या लिपीत: ‘नीकू तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देस.’ मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही.

ही ‘दाशी’ म्हणजे बहुधा सुकवलेल्या बोनितो माशापासून केलेलं पाणी, जपानी स्वयंपाकाचा पाया. काही कॅफेंत टोस्टऐवजी भाताचा नाश्ता मिळतो: भात, मिसो सूप, खारवलेला भाजलेला सामन, लोणचं, समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापड. दिसायला मिसो सूप साधं, वर टोफूचे तुकडे, पण त्यात बहुतेक वेळा दाशी असते. गुंडाळी केलेल्या गोडसर आमलेटमध्येही असू शकते. आंबवलेल्या सोयाबीनच्या ‘नात्तो’सोबत येणाऱ्या पुडीतल्या रसातही. मासे खाणाऱ्याने हा नाश्ता अवश्य खावा, कोकणातल्या माणसाला भात आणि खारा मासा सकाळी परका वाटणार नाही. शाकाहारी माणसाने टोस्टकडेच राहावं.

मेयोनेजमध्ये अंडं असतं, जेली आणि पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकतं. पावात कधी प्राण्यांची चरबी वापरलेली असते. जे अगदी काटेकोर पाळतात त्यांनी पावाबद्दल वेगळं विचारावं.

आणि आता चांगली बातमी. अंडं नको म्हटलं की बऱ्याच ठिकाणी ‘ओगुरा’ देऊ का म्हणून विचारतात, थोडे जास्त पैसे घेऊन किंवा अंड्याच्या बदल्यात. हो म्हणा.

७. ताटलीत काय येतं आणि ते कसं खायचं

टोस्टचा पाव जाड असतो, दोन-तीन सेंटिमीटर सहज. भाजण्याआधी त्यावर सुरीने उभ्या-आडव्या चिरा पाडतात, म्हणजे लोणी आतपर्यंत उतरतं. वरचा थर कुरकुरीत आणि आत वाफ. इराण्याकडचा बनमस्का ज्याने खाल्लाय त्याला ही जात ओळखीची वाटेल, फक्त इथे पाव चहात बुडवत नाहीत. मी तरी कुणाला बुडवताना पाहिलं नाही. हाताने खा, काट्याची गरज नाही. चिरेवर तोडला की चार सारखे तुकडे होतात.

ओगुरा म्हणजे अझुकीचं गोड सारण. अझुकी हे तांबूस कडधान्य मूग, मटकी, चवळी यांच्याच कुळातलं. शिजवून साखरेत घोटतात, पण काही दाणे अख्खे ठेवतात. पुरणाच्या फार जवळची चव, फक्त वेलची-जायफळ नाही आणि गूळ नाही. गरम टोस्टवर लोणी, त्यावर हे सारण, आणि लोण्याचा खारटपणा गोडाच्या खालून येतो. पहिला घास खाल्ला तेव्हा मला शिळी पुरणपोळी तव्यावर तुपात गरम करून देणारी आजी आठवली. सारण वेगळ्या वाटीत आलं तर सगळं एकदम पसरू नका. अर्धा टोस्ट नुसत्या लोण्याचा खा, अर्ध्यावर ओगुरा घ्या.

अंडं कवचासकट येतं, कधी कोमट. फोडून टरफल त्याच बशीत ठेवा, मीठ टेबलावर असतं. पिवळा भाग मऊ असला तरी ते कच्चं राहिलेलं नाही, तसंच करतात.

सुरू करण्याआधी हलकेच ‘इतादाकिमास’ म्हटलं तर छान, जेवणाआधी कृतज्ञतेने म्हणायचा हा शब्द. नाही म्हटलं तरी कुणी काही मनात धरत नाही.

८. किती वेळ बसायचं

जागा रिकाम्या असतील तर तासभर बसा. कपाटात वर्तमानपत्रं आणि मासिकं असतात, वाचून जागेवर ठेवा. दाराशी माणसं थांबलेली असतील तर कप रिकामा झाल्यावर उठा. फोनवर बोलायचं असेल तर बाहेर जा. लॅपटॉप अशा लहान दुकानात उघडूच नये असं माझं मत आहे. फोटो ताटलीचा काढा, शेजारच्या माणसांचा नको.

९. पैसे देताना

टेबलावर बिलाची चिठ्ठी पालथी ठेवलेली असते किंवा छोट्या नळकांड्यात खोचलेली. ती घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जा. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवा. उरलेले पैसेही तसेच परत येतात. टीप द्यायची नसते. टेबलावर नाणी ठेवून निघालात तर विसरलात समजून तुमच्यामागे धावत येतील.

निघताना ‘गोचिसोसामा देश्ता’, म्हणजे खाऊ घातल्याबद्दल आभार, असं नक्की म्हणा. बाकी सगळे शब्द विसरलात तरी हा विसरू नका. काउंटरमागच्या माणसाचा चेहरा बदलतो.

१०. चौथ्या-पाचव्या सकाळनंतर

मालकाला गिऱ्हाईक ‘मास्तर’ म्हणतात, आपल्या शाळेतल्यासारखंच ऐकू येतं. तुम्ही येताच त्यांनी न विचारता ‘ओरे?’ म्हटलं की समजा, तुम्ही आता तिथले झालात. मग कॉफीची तिकिटं घ्या. दहा कपांचे पैसे आधी भरले की बहुधा अकरा तिकिटं मिळतात, आणि मॉर्निंग त्यावरही मिळतं. मुदत आहे का ते तेवढं विचारून घ्या. आइचीतल्या अनेक जुन्या दुकानांत हे तिकिटांचे गठ्ठे गिऱ्हाइकाला घरी नेऊ देत नाहीत. त्यावर नाव लिहून भिंतीवर ओळीने टाचून ठेवतात. कॉफी प्यायली की मास्तर स्वतःच एक फाडून घेतात.

माझं नाव त्यांनी जपानी लिपीत लिहिलं, आधी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेऊन. शेजारी त्या कोपऱ्यातल्या आजोबांचा गठ्ठा होता.

देश सोडायची तारीख ठरली की तिकिटं मोजा आणि शेवटच्या आठवड्यात रोज जा. तरी उरलीच तर मास्तरांना सांगा, ते दुसऱ्याच्या नावावर करून देतात का बघा. माझी चार उरली होती. त्यांनी माझ्या नावावर रेघ मारून खाली सांगलीहून नुकत्याच आलेल्या एका मुलाचं नाव लिहिलं, त्यालाही तीनदा म्हणायला लावून.